मस्टँगचं सीमांतपूजन

माझ्या तोंडामुळे माझं आजवर काय काय नुकसान झालं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तेवढे आकडे येत नाहीत. पण एकदा त्या तोंडाने माझं सोडून माझ्या लेकीचं नुकसान करायला घेतलं होतं, ते सांगते. फार सांगण्यासारखं आहे म्हणून नव्हे. मँचेस्टरला आमच्या विहीणबाई ते आपल्या पद्धतीने सांगत असतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी उगाचच जाडी असते.

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, हार्बोर्नमध्ये. आमचे हे हॉस्पिटलात भूल द्यायचे डॉक्टर. दिवसभर लोकांना गप्प करून घरी यायचे, आणि घरी मी. बिचाऱ्यांनी माझ्यावर कधी औषध वापरलं नाही, एवढं मात्र खरं. आम्हाला एकच मुलगी, वैजयंती. इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई कधी होईल सांगता येत नाही. तिने डॉक्टर व्हावं असं आमच्या मनात होतं. ती पॉलिटेक्निकात जाऊन मोटारींचं इंजिनिअरिंग शिकली, आणि पंच्याऐंशी साली एका शनिवारी लॉरीवर घालून ती मस्टँग घेऊन आली.

मस्टँग म्हणजे अमेरिकेतला रानघोडा म्हणे. लॉरीवरून उतरला तो घोडा नव्हता, घोड्याचं मागे राहिलेलं काहीतरी होतं. लांबलचक नाक, आखूड शेपूट, अंगभर गंज, एका दिव्याच्या जागी नुसतं भोक. ब्रॉम्सग्रोव्हकडच्या कुठल्याशा शेतकऱ्याच्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार केला होता.

"हे काय आणलंस?" मी दारातूनच विचारलं.

"आई, हा मसल कार आहे. व्ही एट."

"मसल कुठेत? मला हाडंच दिसतायत."

ती गाडी मी त्याच लॉरीवरून परत पाठवणार होते. पण शेजारच्या मिसेस पॉटर कुंपणावरून मान उंचावून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "इज इट स्टेइंग, डिअर?" त्यांच्या त्या 'डिअर'ने माझं डोकं फिरलं.

"येस, स्टेइंग," मी म्हटलं. "व्हेरी गुड कार. फॅमिली कार."

माझं इंग्रजी थोडं आहे, पण आहे ते ठासून आहे. गाडी राहिली. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय असे कुणीतरी कुंपणावरून बघत असताना झालेले आहेत.

गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. तीन हाका मारूनही पोरगी जेवायला येत नव्हती. आत गेले तर ती गाडीखाली, नुसते पाय बाहेर. म्हणाली, "आई, बरं झालं आलीस. हे धर." आणि एक लोखंडी नळी माझ्या हातात आली. आता अशी गोष्ट एकदा धरली की भांडायचं कसं? सोडली असती तर तिच्या नाकावर पडली असती. मी धरून उभी राहिले. त्या दिवशीची आमटी निवली, आणि मी काही गॅरेजमधून पुरती बाहेर आले नाही.

हळूहळू माझी तिथे नेमणूकच झाली. नट आणि वॉशर मी माझ्या जुन्या मसाल्याच्या डब्यात लावले. मोहरीच्या वाटीत बारके, हळदीच्या वाटीत मोठे. पॅराफिनमध्ये, म्हणजे इथल्या रॉकेलमध्ये, बुडवून एकेक भाग मी देवाची उपकरणी घासावीत तसे घासत असे. एकदा एक काळाकुट्ट तुकडा दोन दुपारी घासून मी चांदीसारखा लखलखीत केला आणि वैजूसमोर धरला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"आई, मस्त झालाय. पण तो काळाच असतो. तो रंग होता, गंज नव्हता."

"मग आधी सांगायचं."

"तू विचारला नाही."

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या नखांकडे बघायच्या. एकीने विचारलंच. मी सांगितलं, केसांना कलप लावताना लागलं. केस पिकलेत हे मी कबूल केलं, पण गाडीखाली जाते हे नाही केलं. यावरून माझी अक्कल कळावी.

पण मला ते आवडायला लागलं होतं, हे खरं. जेवणाच्या टेबलावर वैजू माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायची. गाडीखाली आडवी झाली की बोलायची. कॉलेजातलं, नोकरीतलं, मैत्रिणींचं. मी तिच्या बुटांशी गप्पा मारायचे. विनयचं मला तिच्या बुटांनीच सांगितलं.

"आई, मला एक मुलगा आवडतो."

"कोण?"

"हाफ इंचाचा पाना दे."

मी दिला. "कोण, म्हटलं."

"मराठी आहे. मँचेस्टरला असतो. आता तू श्वास घे."

विनय कॉम्प्युटरवाला. बोलायला गरीब, उंचीला ताड. त्याच्यात खोड काढायला मी फार प्रयत्न केला, मिळाली नाही. पण देव एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हातात विहीण असते. प्रमोदिनीबाई एम. ए. झालेल्या, तिकडच्या एका शाळेच्या कसल्याशा कमिटीवर, चष्म्याला साखळी. वाक्य सुरू केलं की ते पूर्ण करूनच थांबणार. एकोणनव्वदच्या डिसेंबरात आम्ही बोलणी करायला मँचेस्टरला त्यांच्या घरी गेलो. सगळं गोडीत चाललं होतं. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग त्यांनी चष्मा खाली सोडला.

"वैजयंतीला गाड्यांची आवड आहे असं विनय म्हणाला. हौस म्हणून छानच आहे. पण लग्नानंतर हे ग्रीसबीस सुटेल ना?"

आता हा प्रश्न वैजूला होता. उत्तरही तिच्याकडे होतं. मँचेस्टरला रेल्वेच्या कमानीखाली तिने एक जागा बघून ठेवली होती; जुन्या गाड्या दुरुस्त करायचं स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. विनयला ते माहीत होतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात माझं उघडलं.

"सुटेल कशाला? तुमच्या मुलाला आम्ही वेशीपासून मांडवापर्यंत तिने बांधलेल्या गाडीतूनच आणणार आहोत. वाटेत बंद पडली तर वैजू पुन्हा पाना हातात धरणार नाही. हा माझा शब्द."

आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले, स्वतःलाच भूल दिल्यासारखे. प्रमोदिनीबाई हसल्या. लिंबाच्या लोणच्यात साखर असते ना, तसं.

"ठरलं तर," त्या म्हणाल्या.

परत येताना आम्ही मोटरवेला लागलो. मग मागच्या सीटवरून वैजू म्हणाली, "आई, इंजिन कुठे आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. इंजिन आमच्या जेवणाच्या खोलीत वर्तमानपत्रांवर पसरलं होतं.

"करशील की तू," मी म्हटलं.

"करीन. पण शब्द तुझा आणि पाना माझा. विचारायचं तरी."

यावर मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसता काळोख होता, पण मी तो फार लक्ष देऊन बघितला.

त्यानंतरचे महिने मी जशी राबले तशी सासरी नवी असतानाही राबले नव्हते. वैजू दिवसा नोकरी करायची आणि उरलेला वेळ गाडीला द्यायची. आठ सिलिंडर एकेक करून जागेवर बसले. जेवणाची खोली मोकळी झाली, पण गालिच्यावर इंजिनाचा नकाशा राहिला तो आजही आहे. पाहुणे आले की मी त्यावर खुर्ची ठेवते. मे महिन्यात गाडीला गडद निळा रंग लागला. जूनमध्ये ती एम. ओ. टी.ची सरकारी तपासणी पास झाली. तपासणाऱ्याने वैजूशी हात मिळवला. माझ्याशीही मिळवला असता, पण मी त्याला गाडीबद्दल सूचना देत होते.

मग आम्ही दोघी चालवून बघायला निघालो. ही गाडी अमेरिकेची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मी बसले उजवीकडे, जिथे या देशात ड्रायव्हर बसतो. पहिल्या सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक माझ्याकडे का बघतायत ते मला कळेना. माझ्या मांडीवर स्वेटरचं विणकाम होतं आणि दोन्ही हातांत सुया होत्या. पुढे एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाठीमागे वळून मिसेस पॉटर दिसतायत का ते बघत होते, आणि गाडी आपली चाललीच आहे. तो म्हातारा फुटपाथवर परत गेला आणि कुत्र्याला उचलून घेऊन उभा राहिला.

लॉरीच्या पुढे जायचं झालं तर डाव्या सीटवरून वैजूला समोरचं दिसायचं नाही. ते मला बघून सांगावं लागे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं मत मागत होतं, आणि ते एका शब्दात हवं होतं. मला ते फार जड गेलं.

लग्न जुलैत ठरलं. शनिवारी लग्न, शुक्रवारी संध्याकाळी सीमांतपूजन. हल्ली लोक सीमांतपूजन हॉलमध्येच उरकतात, पण मूळ रीत अशी की वराकडचे गावाच्या सीमेवर आले की मुलीच्या आईवडिलांनी तिथे जाऊन जावयाचे पाय धुवायचे आणि मानाने गावात आणायचं. मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. सीमेवरच करायचं.

"बर्मिंगहॅमची सीमा कुठे आहे?" ह्यांनी विचारलं.

तो प्रश्न आम्ही गुरुजींना टाकला. शशिधर गुरुजी वॉटफर्डचे. आठवडाभर टॅक्स ऑफिसात आणि शनिवार-रविवार सोवळ्यात. त्यांनी फोनवर विचार केला. मग म्हणाले, "मँचेस्टरहून लोक एम सिक्सने येणार. बर्मिंगहॅमच्या अलीकडे मोटरवेवर सर्व्हिस स्टेशन आहे. पार्किंग फुकट, संडासाची सोय. शास्त्राचा उद्देश तोच आहे."

गाडी वैजूनेच चालवायची हे उघड होतं, कारण गाडी दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. नवरीने स्वतः नवऱ्याला आणायला जायचं, यावर मंडळात चर्चा झाली असणार. माझ्यासमोर कुणी केली नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "शास्त्रात मनाई नाही. शास्त्रात मस्टँगच नाही."

शुक्रवारी आम्ही वेळेच्या खूप आधी पोचलो. लख्ख ऊन होतं. लॉऱ्यांच्या रांगेजवळ एक कोपरा गाठून ह्यांनी पाट मांडला, कलश मांडला. गुरुजी कपडे बदलायला गेले. एक लॉरी ड्रायव्हर पायरीवर बसून चिप्स खात आमच्याकडे बघत होता. मी त्याला एक पेढा दिला, म्हणजे तो आमच्यात झाला.

मस्टँग कमळासारखी दिसत होती. पण वैजूचं समाधान होईना. इंजिन उभ्या जागी जरा जोरात फिरतंय म्हणाली. तिने बॉनेट उघडलं, वरचं एअर फिल्टरचं मोठं गोल झाकण काढलं, आत स्क्रू ड्रायव्हरने थोडं इकडंतिकडं केलं. मग घड्याळ बघितलं. अंगात अजून मेकॅनिकचा डगला होता आणि पिवळी साडी पिशवीत.

"आई, मी चेंज करून येतो. येते. झाकण तसंच राहू दे, मी येऊन लावते. आणि हात लावू नको."

मी हात लावला नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. अक्षता मी लांबूनच टाकल्या.

तुम्हीच सांगा, पुढ्यात पूजेचं ताट आहे, ताटात कुंकू लावलेल्या अक्षता आहेत, आणि गाडी तोंड उघडून समोर उभी आहे. पाच वर्षं तिला घासलं, पुसलं, तिच्यासाठी नखं काळी केली, आणि पूजा कुणी केली का? तपासणी केली, पूजा नाही. माझा शब्द तिच्यावर टांगलेला. मी इंजिनावर हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, आणि 'बाई, सांभाळ' म्हणून मूठभर अक्षता टाकल्या. त्या कुठे पडल्या ते बघितलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. मी भक्ती करते तेव्हा नीट करते.

वैजू साडी नेसून आली, घाईघाईने झाकण बसवलं, बॉनेट लावलं. तेवढ्यात मँचेस्टरची मिनीबस आलीच.

पूजन छान झालं. ह्यांनी विनयचे पाय धुतले; मी बाटलीतलं पाणी घातलं. प्रमोदिनीबाई जांभळ्या पैठणीत, चष्म्याची साखळी मोत्यांची. माझ्या नऊवारीकडे त्यांनी एकदा पाहिलं, मी त्यांच्या पैठणीकडे दोनदा. मग विनय पुढे वैजूच्या शेजारी बसला. मागे मी बसले आणि प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "मीही याच गाडीने येते. शब्दाला साक्षीदार हवा." ती मागची सीट दोन सडपातळ पोरींसाठी केलेली आहे. आम्ही दोघी मिळून चार पोरी होतो.

वैजूने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली ती ओरडतच. वैजूने पाय उचलला तरी ओरडणं थांबेना. उलट चढत गेलं. लॉऱ्यांच्या मागचे कावळे उडाले. तिने किल्ली बंद केली. पुन्हा सुरू केली. या वेळी गाडी खोकली, सगळं अंग थरथरवलं, एक मोठी उचकी दिली आणि बंद पडली. तिसऱ्यांदा नुसता खोकला.

मिनीबसच्या खिडकीतून विनयच्या मामीचं डोकं बाहेर आलं. "बंद पडली का?"

प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. न बोलणाऱ्या बाईला काय उत्तर देणार?

आमचे हे खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "शब्द असा होता की वाटेत बंद पडली तर. तांत्रिकदृष्ट्या अजून वाट सुरू झालेली नाही."

"डॉक्टरसाहेब," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "शब्दाला वकील लागत नाही."

वैजूने उतरून बॉनेट उघडलं. मीही धडपडत बाहेर पडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने झाकण काढलं आणि टॉर्च आत मारला. झाकणाखाली कार्ब्युरेटरचा घसा असतो. हवा त्यातून आत जाते, आणि घशात पत्र्याची एक झडप असते, ती उघडमीट करते. त्या झडपेच्या कडेला, ओळीने, लाल लाल तांदूळ अडकले होते. झडप मिटतच नव्हती.

वैजूने एक दाणा बोटावर घेतला. दाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती रागावली असती तर मी तिथल्या तिथे भांडले असते. ती रागावली नव्हती. तिने तो दाणा पदराला पुसला, झाकण परत ठेवलं आणि वळून म्हणाली, "कार्ब्युरेटर आहे. माझं अ‍ॅडजस्टमेंट चुकला. माझी चूक आहे."

मी खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. वाटलं, सुटले. नाक वाचलं, चूक पोरीच्या नावावर गेली, आणि तीही पोरीने आपल्या खुशीने घेतली. एवढी नालायक मी निदान तेवढा वेळ तरी होते.

मग प्रमोदिनीबाई आल्या आणि त्यांनी वैजूच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे गं बाळा. मुलीच्या जातीने एवढं केलंस हेच खूप आहे. आता सोड हं ते." हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. तेच वाईट होतं. वैजू मान हलवून हत्यारांची पेटी आवरायला लागली. स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला, आणि त्याच्या खाचेत ठेवला, जसा रोज ठेवायची तसाच. विनय तिच्याजवळ पेटीचं झाकण धरून उभा होता.

"थांबा," मी म्हटलं. "तिचं काही चुकलेलं नाही. इंजिनात अक्षता मी टाकल्या."

लॉरी ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्याचाही चिप्सचा हात थांबला.

"इंजिनात?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"पूजा केली. तोंड उघडं होतं."

"मंत्र कोणता म्हणालात?" गुरुजींनी मागून विचारलं.

"तुम्ही सोवळं शोधत होतात गुरुजी. मला जो येतो तो म्हणाले."

"आई, कशाला सांगितला?" वैजू पुटपुटली.

"तू गप्प बस. मोठी आली चुका घेणारी." मी प्रमोदिनीबाईंकडे वळले. "गाडी बंद पडली ती तिच्या कामाने नाही, माझ्या हाताने. तेव्हा शब्द मला लागू. पाना मी सोडते. तिचा तिच्याकडे राहील."

"तुमच्याकडे कुठला पाना?"

मी पर्समधून काढून त्यांच्या हातावर ठेवला. हळदीकुंकवाच्या डबीशेजारी तो असायचाच.

वैजू पुढे वाकली. "आई, हा माझं आहे. मी हा मार्चपासून शोधत होता."

विनय आधी हसला. मग आमचे हे हसले, आणि ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मामीला काय झालं ते खिडकीतून कळेना, ती विचारतच राहिली. प्रमोदिनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाना माझ्या पर्सवर ठेवला, पदर खोचला, झाकण उचललं आणि चष्मा लावून आत डोकावल्या.

"सगळे अख्खे दाणे आहेत," त्या म्हणाल्या.

"असणारच. अक्षता म्हणजे अख्खे तांदूळ, तुटका दाणा चालत नाही. मी आदल्या दिवशी निवडून घेतले होते."

"हो ना. कणी असती तर खाली गेली असती. तुम्ही फार व्यवस्थित, म्हणून अडकले."

मला पहिल्यांदाच कळलं की ही बाई भांडायला बरोबरीची आहे. इतक्या वर्षांत मंडळात मला असं कुणी मिळालं नव्हतं.

वैजू म्हणाली की झडप धरून ठेवली तर दाणे वरून काढता येतील, पण तिची बोटं आत जात नव्हती. प्रमोदिनीबाईंनी आपली पर्स उघडली आणि भुवया कोरायचा चिमटा काढला. त्यांच्या भुवया जन्मतःच तशा आहेत असं त्यांनी मला डिसेंबरात सांगितलं होतं. मी चिमट्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या.

मी बोलले नाही. मला ते किती जड गेलं ते ह्यांना विचारा.

मग पिवळ्या साडीतली नवरी झडप धरून उभी, नवरदेव टॉर्च धरून, आणि आम्ही दोघी विहिणी डोक्याला डोकं लावून मोटारीच्या घशातले तांदूळ निवडतोय, असं ते सीमांतपूजन चाललं. मी उभ्या जन्मात मणामणांनी तांदूळ निवडले. खडे काढले, भाताची साळ काढली. तांदळातून लोखंड काढलंय मी. लोखंडातून तांदूळ पहिल्यांदाच. मध्येच प्रमोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "विनय म्हणाला होता ती कमानीखालची जागा मी बघून आले आहे. ओल आहे तिथे. दुसरी बघायला सांगा."

"तुम्हीच सांगा. सासू तुम्ही."

"ऐकेल?"

"गाडीखाली असताना सांगा. तेव्हा ऐकते."

निघाले तेवढे दाणे आम्ही काढले. काही आधीच खाली इंजिनात गेले होते; वैजू म्हणाली ते जळून जातील. तिने झाकण घट्ट लावलं, हात पुसले आणि आम्ही सगळे परत बसलो. ह्या वेळी किल्ली फिरवल्यावर गाडी जरा कुरकुरली, दोनदा ठसकली आणि मग सुरू झाली. वैजूने पाय उचलला. आवाज खाली आला, अगदी खाली, मांजरीच्या पोटातल्यासारखा. तिने गाडी रस्त्याला घातली.

पाठीमागून निळसर धूर निघाला आणि गाडीभर वास पसरला. तो वास ओळखू येणार नाही अशी बाई आमच्यात जन्मलेली नाही. विनयसुद्धा नाक वर करून हुंगायला लागला. मी समोर बघत बसले.

प्रमोदिनीबाईंनी खिडकीची काच खाली केली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, भात लागला वाटतं."

"लागला तर लागला," मी म्हटलं. "तुम्ही जेवायला बसा, मी वाढते."